खाली सही: बायल्या

दुसरा फटका बसायच्या आत तो मधे आला. पहिला सुमनच्या डाव्या कानाच्या वर बसला होता आणि ती नळाच्या कट्ट्यावर आडवी झाली होती. घागर कलंडली, पाणी वाहायला लागलं, आणि त्या पाण्याबरोबर रक्त गटारीकडे निघालं. तिच्या नवऱ्याच्या हातात धोटा होता. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. जड लाकडाचा असतो आणि दोन्ही टोकांना लोखंड असतं. घासून गुळगुळीत करायला त्याने तो घरी आणला होता.

सकाळची नळाची वेळ. वीसेक माणसं उभी होती. बाया ओरडल्या, पुरुष गप्प राहिले. नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे.

जो मधे आला त्याच्या खांद्यावर त्याच्या बायकोचं धुतलेलं पातळ होतं, पिळायचं राहिलेलं. अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.

"बाजूले व्हय, बायल्या," सुमनचा नवरा म्हणाला. "मन्ही बायको शे. तुले काय करनं?"

"मला काही करायचं नाही," तो म्हणाला. "मी नुसता इथे उभा आहे."

मग धोटा त्याच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात पडले. तो खाली बसला नाही आणि हातही उचलला नाही. ओलं पातळ खांद्यावर तसंच ठेवून सुमनच्या आणि धोट्याच्या मधे उभा राहिला.

मी खानावळीतून उलथनं घेऊन धावले. पण आधी वरण चुलीवरून उतरवून ठेवलं, मग धावले. खोटं कशाला लिहू?

ही सुरतेजवळच्या उधन्याची गोष्ट आहे, एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांतली. चाळीत आम्ही सगळे खानदेशातले, कोणी अमळनेरकडचे, कोणी शिरपूरकडचे. पुरुष मागावर बारा-बारा तास उभे असायचे, किंवा पांडेसऱ्याला साड्यांच्या रंगाईत असायचे. माझा नवरा छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा मी खानावळ सुरू केली. खानावळ चाळीच्या तोंडाशी, समोर नळ, आणि दोहोंच्या मधे कारखान्याची लांब मागची भिंत. शेठ दर दिवाळीला तिला चुना द्यायचा. त्या भिंतीवर हा माणूस चित्रं काढायचा. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याने स्वतःच ते टाकून दिलं होतं.

त्याचं काम ट्रेसिंगचं. पांडेसऱ्याच्या एका छपाई कारखान्यात काचेचं टेबल असायचं, खाली ट्यूबलाइट. वर साडीचं डिझाइन, त्यावर पारदर्शक फिल्म. डिझाइनमधला एकेक रंग सुटा करून काळ्या शाईने गिरवायचा. सहा रंगांची साडी असली तर सहा फिल्म. दिवसभर खालून उजेड डोळ्यांत जायचा, म्हणून रस्त्यावर तो एक डोळा मिटून चालायचा आणि उन्हाळ्यात, हिवाळ्यात, कायम छत्री घेऊन. बायका म्हणायच्या, हा डोळा मारतो. डोळा मारण्यासारखी एकही बाई आमच्या चाळीत नव्हती, पण म्हणायच्या.

"रंग सुटे करून बघावे, आक्का," तो मला सांगायचा. "मग कळतं कोण कुणाच्या खाली दबलाय."

मी म्हणायची, "मला स्वयंपाकात एवढा वेळ नसतो."

त्याची बायको कमरेखाली गेलेली होती. बाळंतपणात काहीतरी बिघडलं, मूल गेलं आणि पाय गेले. तिचं सगळं तोच करायचा. रांधायचा, भरवायचा, वेणी घालायचा, कपडे धुवायचा. गावी ठेव म्हणून त्याच्या आईने सांगून पाहिलं, दुसरी कर म्हणून बापाने सांगून पाहिलं. त्याने बापाचं तर ऐकलं नाहीच, वर एक दिवस मिशी काढून टाकली. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाप मेल्यावर काढतात ती. बापाने बोलणंच बंद केलं. मी विचारलं, "का काढली?" तर म्हणाला, "आमटीत बुडते."

तो पहिल्यांदा नळावर आला तो दिवस मला नीट आठवतो. बादलीत बायकोची दोन पातळं आणि परकर, तेही भर सकाळी, सगळ्यांसमोर. पुरुष असली कामं करत नव्हते असं नाही. बायको आजारी पडली तर करायचे, पण अंधारात. हा रांगेत उभा राहिला. बाया बाजूला सरकल्या. मी त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बायल्या दिसतोय."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, साबण आहे का? माझा घरी राहिला."

मी दिला नाही.

म्हणजे चाळीत हा शब्द त्याला पहिल्यांदा मी लावला. मग सगळ्यांनी उचलला. गुजरातीतही तोच शब्द आहे, बायलो. त्यामुळे शेठपासून पानवाल्यापर्यंत त्याला दोन्ही भाषांत एकाच नावाने हाका बसायला लागल्या.

चित्रं त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झाली. आठवड्यातून एक दिवस वीज नसायची, माग बंद असायचे. त्या दिवशी उधन्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू यायचा. सकाळीच तो माझ्या दारात आला. चुलीतला विझलेला कोळसा मागितला. घेतानाही चोखंदळ. लिंबाचा ठिसूळ म्हणून नको, बाभळीचा ओरखडे काढतो म्हणून नको. शेवटी आंब्याच्या फळकुटाचा एक तुकडा घेऊन गेला आणि जीभ बाहेर काढून भिंतीवर चित्र काढायला बसला. तो माणूस पायापासून काढायचा. आधी चपला, मग पाय, मग वर चढत जायचा. डोकं सगळ्यात शेवटी आणि मिशी त्याहून शेवटी.

त्या पहिल्या चित्रातला माणूस फार मोठ्या मिशीचा होता. मिशी एवढी लांब की दोन्ही टोकांखाली बांबूच्या टेकण्या दिल्या होत्या, आणि तिच्यावर कपडे वाळत घातले होते. माणसाची मान ताठ. हलला तर कपडे पडतील म्हणून तो हलू शकत नव्हता.

लोक थांबले. आधी कोणी हसलं नाही. मग एक बाई फिसकन हसली, आणि मग सगळेच.

पुढचं चित्र तीन माणसांचं होतं. नीट बघितलं तर एकच माणूस तीनदा. घरात मिशी आभाळाला. रस्त्यावर मिशी सरळ. शेठपुढे मिशीची घडी करून खिशात. चित्राखाली काही लिहिलेलं नव्हतं. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना वाचता येत नव्हतं, बायांत मीच काय ती चौथी शिकलेली, म्हणून तो लिहायचा कमी. पण त्या दिवशी दुपारी कोणीतरी विटेच्या तुकड्याने चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: बायल्या.

त्याने ते पुसलं नाही. पुढच्या आठवड्याच्या चित्राखाली त्याने स्वतःच तो शब्द लिहिला. साडीच्या काठावर वेलबुट्टी असते तशा गोल, नेटक्या अक्षरात.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"लोक चित्रकाराचं नाव विचारतात, आक्का. दुसरं नाव त्यांना पटकन वाचता यायचं नाही. हे सगळ्यांना पाठ आहे."

त्यानंतर त्या शब्दाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. बाया नळावर विचारायच्या, "बायल्यानं आज काय काढलं व माय?" मग बायल्याभाऊ झाला. मागावरच्या एका माणसाने बायकोच्या बाळंतपणात आठ दिवस सुट्टी घेतली, तेव्हा सोबतच्यांनी चिडवलं, "बायल्या झाला का रे?" त्याने सांगितलं, "झालो. तुम्ही कधी होता?" कारखाना दोन दिवस हसत होता. एका बाईने नवऱ्याला घागर उचलायला सांगताना म्हटलेलं मी स्वतःच्या कानाने ऐकलं, "जरा बायल्यासारखं वागा की." मी पण एक दिवस त्याला साबण दिला. त्याच्याकडे तेव्हा साबण होता, तरी त्याने घेतला.

पण सगळ्यांच्या तोंडी तो शब्द बदलला नव्हता. मिशीवाले पुरुष तो जुन्याच अर्थाने म्हणायचे, फक्त हळू आवाजात. मला तेव्हा वाटलं, हळू आवाजात म्हणतात म्हणजे संपत आला. चुकीचं वाटलं.

तो साधू नव्हता, हेही लिहायला हवं. हसू त्याला फार लागायचं. चित्र काढून झालं की पानाच्या टपरीमागे, छत्री उघडून, एक डोळा मिटून उभा राहायचा आणि कोण थांबतं, कोण हसतं ते बघायचा. मग मला येऊन विचारायचा, "किती थांबले?" कमी सांगितले तर तोंड उतरायचं. एकदा कोणीच थांबलं नाही तर त्याने चित्र सकाळीच पुसून टाकलं. बायकोला तो उचलून खिडकीशी बसवायचा, तिला भिंत दिसावी म्हणून. ती हसली तर मात्र बाकीच्यांचं तो विचारायचा नाही.

बाया तो कधी काढायचा नाही. मी कारण विचारलं होतं.

"बायकांवर हसायला सगळं गाव मोकळं आहे," तो म्हणाला. "त्या गर्दीत मी कशाला जाऊ?"

मला ते पटलं होतं. तुम्हालाही पटेल.

त्याचा दुसरा एक नेम होता. ओळखू येईल असा माणूस काढायचा नाही. त्याला चेहरे लक्षात राहायचे नाहीत, पाय आणि हात राहायचे, त्यामुळे त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून चित्र होत आलं की तो मला दारातून बोलवायचा. "आक्का, बघ. हा कुणासारखा दिसतो का?" मी चाळीतल्या सगळ्यांना जेवायला घालत होते, मला सगळे ठाऊक. मी म्हणायची, "नाक बदल, पांडेसऱ्याच्या मुकादमासारखं झालंय." तो नाक बदलायचा. एकदा म्हणाले, "तो खांद्यावरचा टॉवेल काढ," तर टॉवेल काढला. त्याच्या चित्रांत कोणाला दुखलं नाही, ते माझ्यामुळे. ज्या दिवशी दुखलं, तेही माझ्यामुळे.

आता डब्यांचं सांगते. माझे पन्नासेक डबे कारखान्यांत जायचे. न वाचणाऱ्या माणसाला आपला डबा ओळखता यावा, म्हणून प्रत्येक डब्यावर तेलरंगाने एक खूण. छत्री, कंगवा, मासा, विंचू, कुलूप, कोंबडा. या खुणा यानेच एका सुट्टीच्या दिवशी बसून रंगवून दिल्या होत्या. कोणता डबा कोणाला, ते मी ठरवायची. पुढे माणसांना नावंच पडली, छत्रीवाला, विंचूवाला. माणूस गाव सोडून गेला की त्याचा डबा नव्याला, आणि डब्याबरोबर नावही. ही नावं खानावळीत आणि कारखान्यात चालायची. चित्रवाला घरी रांधून खायचा, त्याला ती ठाऊक नव्हती. खुणा रंगवून तो विसरून गेला होता.

सुमनचा नवरा कोंबडेवाला. तो आधी एकटा आला होता, दोन वर्षं माझ्याकडे जेवला. मग सुमनला घेऊन आला. डबा त्याने विकत मागून घेतला, आता त्यात सुमन भरून द्यायची. कारखान्यात तो कोंबडेवालाच राहिला.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गावाहून येणारं प्रत्येक माणूस त्याला विचारायचं, आणि तो सुमनला मारायचा. भिंतीला भिंत लागून, मला सगळं ऐकू यायचं. सकाळी सुमन नळावर यायची, तोंडावर पदर ओढून. मी विचारायची, "काय झालं?" ती सांगायची, "काय होणार मावशी? दरवाजा लागला." तिच्या घराला दरवाजा एकच होता आणि तो आत उघडायचा.

त्या काळात रेल्वेलाइनच्या कडेने सगळ्या भिंतींवर वैदूंच्या जाहिराती असायच्या. मर्दानी कमजोरी, गुप्त सल्ला, पहिल्या दिवसापासून गुण. उधना स्टेशनच्या पलीकडे असाच एकाचा तंबू होता. पुरुष तिथे तोंडाला टॉवेल गुंडाळून जायचे. कोंबडेवालाही जायचा. मी त्याला एकदा तिथून निघताना बघितलं होतं. त्याने मला बघितलं नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ते चाळीत बऱ्याच जणांना माहीत होतं.

अशाच एका माग बंद असलेल्या दिवशी सकाळी चित्रवाला नेहमीप्रमाणे कोळसा घेऊन गेला. तासाभराने हाक आली, "आक्का, बघ." माझे हात पिठात होते. तशीच दारात गेले.

वैदूच्या तंबूबाहेर रांग काढली होती. सगळे मिशीवाले, सगळ्यांच्या तोंडाला टॉवेल. आणि रांगेत पहिला एक कोंबडा, छाती पुढे काढलेली. त्यानेही तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, पण तुरा वर येऊन सगळ्यांना दिसत होता. खाली लिहिलं होतं: माझा नंबर आला की हळूच हाक मारा.

"कुणासारखा दिसतो का?" त्याने विचारलं.

मी हसले. पोट धरून हसले. म्हणाले, "कोंबड्यासारखा दिसतो, दुसरा कुणासारखा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी पोलिसांना सांगितलं. आता इतक्या वर्षांनी खरं लिहिते. लक्षात आलं होतं, आणि म्हणूनच जास्त हसू आलं. मला वाटलं, हसू दे लोकांना त्याच्यावर. रोज मारतो तिला. जरा उतरेल.

तो खूश होऊन टपरीमागे छत्री उघडून उभा राहिला. दहा वाजेपर्यंत माणसांचा घोळका झाला. कारखान्यातले सोबती आले, आणि एकाने पहिल्यांदा बांग दिली, कुकूचकू. मग दुसऱ्याने. कोंबडेवाला चहा प्यायला आला तेव्हा त्याला काही कळेना. त्याने भिंत बघितली. त्याला वाचता येत नव्हतं, पण तुरा बघायला वाचता यावं लागत नाही. तो चहाचा ग्लास तसाच ठेवून गेला. जाताना त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून शर्टाच्या आत कोंबला, ते मी बघितलं. मला त्याची दया येत नाही, पण बघितलं ते बघितलं.

दिवसभर त्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक पुरुष बांग देऊन गेला. यांतले अर्धे टॉवेल गुंडाळून त्याच तंबूत जाणारे. गुजरातेत दारूबंदी, पण पोटलीतली, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली दारू उधन्यात केव्हाही मिळायची. तो दुपारपासून पीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन नळावर आली. रांगेतल्या कोणीतरी तिला बघून बांग दिली. ती मान खाली घालून घागर भरत राहिली. तिचा नवरा घरातून धोटा घेऊन निघाला. बांग देणारा पाच हातांवर उभा होता, चांगला अंगापिंडाने भरलेला. कोंबडेवाला त्याच्या समोरून गेला, नळापर्यंत गेला आणि त्याने सुमनला मारलं.

बाकीचं वर लिहिलं आहे. मी उलथनं घेऊन पोचले तोवर धोटा खाली पडला होता आणि कोंबडेवाला कट्ट्यावर बसून रडत होता. रिक्षावाले रक्त बघून घेईनात, म्हणून आम्ही तिला ताक्यांच्या हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ताके म्हणजे कापडाचे गठ्ठे. गाडी चित्रवाल्याने ओढली, दात पडलेल्या तोंडाने, आणि त्याच्या बायकोचं ते ओलं पातळ सुमनच्या डोक्याला गुंडाळलेलं. वाटेत तो मला एकदाच म्हणाला, "आक्का, तो कोंबडा कोण होता?"

मी सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

तो गाडी ओढत राहिला.

सुमन तीन दिवस शुद्धीवर नव्हती. डॉक्टर म्हणाले, जगेल असं सांगता येत नाही. त्याने ट्रेसिंगला खाडा केला. सकाळी बायकोचं आवरून दवाखान्यात येऊन बसायचा, दुपारी बायकोला जेवायला घालायला जायचा, परत यायचा. मी म्हणाले, "तू इथे बसून काय होणार?" म्हणाला, "काही नाही." दात गेल्यामुळे बोलताना शिट्टी वाजायची. एरवी हसले असते.

घरी येऊन त्याने चित्र धुतलं होतं. मी चिडले. "चित्र धुऊन काय उपयोग? नवरा धुता येत नाही."

चौथ्या दिवशी सुमनने डोळे उघडले. एका कानाने ऐकू येत नव्हतं. तो तिच्या चांगल्या कानाकडे जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "सुमनबाई, ते चित्र मी काढलं होतं. तुझ्या नवऱ्याला लागावं म्हणून नाही. पण काढलं मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मी बघितलं होतं चित्र, भाऊ. पण त्यात मी कुठे होते?"

"तू नव्हतीस. मी बाया काढत नाही."

"मग तेच तर," ती म्हणाली. "तुम्ही सगळे त्याला हसला आणि घरी गेलात. मी घरातच होते."

त्याने मान खाली घातली. मी पण खिडकीतून बाहेर बघत बसले. इतक्या महिन्यांत भिंतीवर इतके मिशीवाले उभे राहिले, आणि ते संध्याकाळी कोणत्या घरात जातात हे ना त्याने कधी काढलं, ना मी विचारलं.

मग पोलिस आले. चाळीतल्या एकाही पुरुषाने काही बघितलं नव्हतं. कोणी अंघोळ करत होता, कोणी झोपलेला. कोंबडेवाल्याचे भाऊबंद गावाहून आले आणि त्यांनी मला सांगितलं, "घरचं शे. घरातच राहू द्या, मावशी." चित्रवाल्याला सांगितलं, जबानी दिलीस तर दुसरे दातही जातील. चौकीबाहेर त्यांनी गर्दी केली. तो आत जाताना ओरडले, "अरे बायल्या, बायको सांभाळ आपली!" चाळीतले आमचे लोकही त्यांत होते, आठ दिवसांपूर्वी भिंतीपुढे हसणारे. शब्द पुन्हा होता तिथे जाऊन पडला होता. आता हळू आवाजात कोणी म्हणत नव्हतं.

आतला जमादार गुजराती. त्याने बाहेरचा गलबला ऐकला, याच्याकडे बघितलं, हसून विचारलं, "तमे ज बायलो?" तुम्हीच का तो, असं.

"हो," तो म्हणाला. "लिहून घ्या. मी तिथे होतो. बाकीचे मर्द अंघोळीला गेले होते."

जमादाराचं हसू थांबलं. त्याने कागद ओढला. जबानी लिहून झाल्यावर मी पण माझी दिली आणि माझी चौथीतली सही केली. त्यात तेवढी एक गोष्ट खोटी होती, ती वर सांगितली.

कोंबडेवाला काही महिने आत होता. सुटल्यावर तो सुरतेत आला नाही, भावांनी त्याला परस्पर गावी नेला. पुढे त्याने तिथे दुसरं लग्न केलं. त्या बाईलाही मूल झालं नाही, असं ऐकलं. तिच्या घराचा दरवाजा कसा लागतो ते मला माहीत नाही.

माझी वीसेक माणसं खानावळ सोडून गेली. जे राहिले त्यांच्या डब्यांवर मी नंबर घातले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना एक ते तीस मी स्वतः शिकवले. दोन दुपारी लागल्या.

चित्रवाल्याने त्यानंतर एकदाच भिंतीला हात लावला. सुमन दवाखान्यातून आली ती माझ्या खोलीवर राहायला लागली, पोळ्या लाटायला मदत करायची. एका सुट्टीच्या दिवशी तो कोळसा मागायला आला आणि तिला म्हणाला, "जरा नळाजवळ उभी राहशील? मला बाई काढता येत नाही, बघून काढतो."

सुमन म्हणाली, "मला काम आहे."

तरी तो गेला. नेहमीसारखी खालून सुरुवात केली. दोन पाय काढले, बाईचे, अनवाणी, अंगठ्याजवळचं जोडवं काढलं. मग थांबला. दुपारपर्यंत भिंतीसमोर उभा होता, एक डोळा मिटून. वर काही त्याला काढता आलं नाही. त्याने मला 'कुणासारखे दिसतात का' असंही विचारलं नाही. ते दोन पाय तसेच राहिले. दिवाळीला शेठने चुना दिला.

तो नंतर पाच-सहा वर्षं चाळीत होता. मला भेटायचा, बोलायचा, पण कोळसा मागितला नाही. माझ्यावर त्याचा राग होता का, ते मी विचारलं नाही. त्याची बायको एका पावसाळ्यात गेली. तिच्यामागे तो गावी गेला आणि तिथे वर्षा-दोन वर्षांत तोही गेला. आमच्या चाळीच्या जागी आता कापडाचं मोठं मार्केट आहे. नळावर त्या सकाळी जी माणसं होती, त्यांतली बरीचशी नाहीत.

सुमन जगली. ती पांडेसऱ्याला राहते, एकटी, स्वतःच्या खोलीत. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही.